नीज की बे, मनगटा!

सोलापुरात "काय दुखूलालंय बे?" असं विचारलं तर उत्तर आधी हात देतो, तोंड नंतर. उजवा हात पुढे येतो आणि थर्मामीटरचा पारा उतरवावा तसं मनगट दोनदा झटकलं जातं. या झटक्याला वैद्यकात मान आहे. रात्री मुंग्यांनी जाग आली आणि माणूस अंथरुणात बसून हात झटकायला लागला, तर मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यात नस चेंगरत असावी, असा संशय डॉक्टर घेतात. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढा त्या नसेचा इलाका. करंगळी त्यात येत नाही. ती घरातल्या धाकट्या दिरासारखी, कामालाही नाही आणि तक्रारीलाही नाही.

एकच हालचाल हजारो वेळा केल्याने स्नायू, शिरा आणि नसा कुरकुरायला लागतात, त्याला इंग्रजी जाणणारे 'आरएसआय' म्हणतात. बाकीचे 'हात भरून येतो' म्हणतात, आणि हे वर्णन जास्त नेमकं आहे.

सोलापूर हे तसं पुनरावृत्तीवरच उभं राहिलेलं शहर. इथे एक टॉवेल विणून कुणी थांबत नाही, एक भाकरी थापून कुणी हात धूत नाही आणि एक विडी वळणं याला तर काम म्हणतच नाहीत. कडक भाकरीचा घरगुती धंदा करणाऱ्या बाईच्या तळव्याखालून भाकऱ्या शेकड्यांनी फिरून निघतात. भाकरी पापडासारखी कडकडीत, कितीतरी दिवस टिकणारी. ती थापणारं मनगट किती दिवस टिकेल, हे मात्र पाकिटावर छापलेलं नसतं. यंत्रमागावर कांड्या भरणारी बोटं, तुटलेल्या तारा जोडणारी बोटं, चादरींच्या घड्या घालणारी बोटं, सगळ्यांची तक्रार एकच. आता त्यांच्यात मोबाइलवर दिवसभर 'शुभ सकाळ' पुढे ढकलणाऱ्या काकांचा अंगठाही येऊन बसला आहे.

विडीचं काम जवळून पाहावं. तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. मांडीवर सूप. सुपात तंबाखू, दोरा, कात्री आणि पत्र्याचा चौकोनी तुकडा. तुकडा पानावर ठेवायचा, कडेने कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत पान वळवायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, तोंड नखाने आत दुमडायचं. झाली विडी. हे वाक्य वाचून होईपर्यंत सराईत हाताने पुढचं पान उचललेलं असतं. मजुरी हजारावर ठरते, म्हणून मोजणीही हजाराची. एका विडीला कात्रीचे दोनच घाव धरले तरी हजाराला दोन हजार झाले. वळणं, बांधणं, दुमडणं वेगळं.

आणि एवढं करताना बाई हाताकडे पाहतच नसते. नजर टीव्हीतल्या सासूवर, कान कुकरच्या शिट्टीवर, तोंड शेजारणीशी तेलुगूत चालू, हात आपल्या कामात. संमोहन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर हे चित्र दाखवावं. लक्ष एकीकडे, अंग दुसरीकडे आणि दोघांची गाठ पडू न देण्याचं कसब!

सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ साली तिच्या सोहळ्याला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. वर्तमानपत्रांनी घरं मोजली, ते बरोबरच. पण घरामागे एक बाई धरली तरी वीस हजार मनगटं होतात, आणि हा हिशेब कुठल्याच मथळ्यात आला नाही.

हात भरून आल्यावर माणूस थेट डॉक्टरकडे जातो असा कुणाचा समज असेल तर तो सोलापूरबाहेरचा असावा. आधी निर्गुडीच्या पाल्याचा शेक. मग तेल. मग वास शेजारच्या गल्लीपर्यंत जाणारं मलम. कंबरेची उसण असती तर पायाळू माणूस शोधून त्याची लाथ खाता आली असती. पण मनगटावर लाथ घ्यायला पायाळूसुद्धा तयार होत नाही. शेवटी डॉक्टर. ते अंगठा मुठीत धरायला सांगतात आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवतात. दुखणं अंगठ्याच्या बुडाशी असेल तर एरवी 'डॉक्टरसाहेब' म्हणणारा मनुष्य त्या क्षणी एकेरीवर येतो. मग दोन्ही हातांच्या पाठीला पाठ लावून उलटा नमस्कार करायला लावतात आणि मिनिटभर तसंच धरायला सांगतात. मुंग्या आल्या की निदानाची दिशा सापडते. रात्री मनगटाला पट्टा, थोड्या गोळ्या, व्यायाम आणि सगळ्यात महाग औषध, ते म्हणजे विश्रांती. "पंधरा दिवस हात वापरू नका." हे ऐकून पेशंट हसतो. डॉक्टरही हसतात. तपासणीत दोघांचं एकमत होतं ते एवढ्याच मुद्द्यावर.

हा रोग संगणकाने आणला असं मानणाऱ्यांनी इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याचं नाव ऐकून ठेवावं. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली निघाला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांना एक प्रकरण दिलं. त्यांच्या दुखण्याची तीन कारणं त्याने सांगितली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होईल ही धास्ती. तीनशे वर्षांपूर्वीचं हे निदान आज नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यामागे फ्रेम करून लावावं. त्याच्या ओळखीचा एक नोटरी होता. आयुष्यभर लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. गडी जिद्दीचा, डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डावाही गेला. माउस डाव्या हातात घेऊन विजयी चेहऱ्याने बसलेल्या मंडळींना ही गोष्ट सांगू नये, त्यांची झोप उडते.

आता या दुखण्यावरचा एक वेगळा उपाय, संमोहन. हा शब्द सोलापुरातच काय, कुठेही उच्चारला की डोळ्यांपुढे गणेशोत्सवाचा मांडव येतो. काळा कोट घातलेला गृहस्थ, स्टेजवर बोलावलेली पाच-सहा पोरं, सफरचंद म्हणून कच्चा बटाटा खाणारा एकजण आणि पुढच्या रांगेत "माझ्या मुलाला काही होणार नाही ना?" विचारणारी आई. त्यामुळे मनगटदुखीवर संमोहन सुचवलं की पहिली शंका बटाट्याची येते. दुसरी शंका गुपितांची: "झोपेत मी एटीएमचा नंबर सांगितला तर?" यावर उत्तर असं की संमोहित माणूस झोपलेला नसतो. त्याचं ध्यान एका गोष्टीवर एकवटलेलं असतं, आजूबाजूचं मागे पडलेलं असतं आणि सूचनेला तो एरवीपेक्षा लवकर साथ देतो. नको ती सूचना तो धुडकावतोही. एटीएमचा नंबर सोलापूरकर जागेपणी बायकोला सांगत नाही, तर तंद्रीत परक्याला कुठून सांगणार?

वेदना आणि संमोहन यांची जुनी गाठ मात्र आपल्याच देशात पडली. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन बंगालमध्ये हुगळीला होता. ४ एप्रिल १८४५ रोजी त्याच्यापुढे अंडवृद्धीने कळवळणारा एक कैदी आला. एस्डेलने तोवर मेस्मर या युरोपातल्या वैद्याची मोहिनीविद्या वाचली होती, केलेली कधीच नव्हती. त्याने कैद्याच्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने कैद्याला सुया-टाचण्या कळेनाशा झाल्या. ईथर आणि क्लोरोफॉर्म अजून यायचे होते. ऑपरेशन म्हणजे चार माणसांनी दाबून धरणं असा तो काळ. पुढच्या आठ महिन्यांत वेदनेवाचून ७३ शस्त्रक्रिया केल्याची यादी त्याने छापली. १८४६ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली आणि त्याला कलकत्त्यात प्रयोगासाठी इस्पितळ मिळालं. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते.

गंमत पुढेच आहे. एकेका रोग्यावर तास-तास हात फिरवून एस्डेल थकला. वारंवार तीच हालचाल! मग त्याने ते काम आपल्या देशी मदतनीसांवर सोपवलं आणि स्वतः सुरी धरण्यापुरता उरला. दुखणं घालवणाऱ्या त्या हातांचं पुढे काय झालं, हे कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. मजूर बदलला की दुखणं बदलतं, या नियमाला मोहिनीविद्याही अपवाद नव्हती.

हुगळीच्याच एका नामांकित मांत्रिकाचीही एस्डेलने भेट घेतली. मांत्रिकाने पाणी आणि एक डहाळी मागितली आणि रोग्याला झाडायला लागला. एस्डेल पाहतच राहिला, कारण हात वरून खाली फिरवणं, फुंकर घालणं, सगळं त्याच्या स्वतःच्या प्रयोगासारखंच होतं. कडुनिंबाच्या डहाळीने झाडून घेतलेल्या कुणाही आजीला हा शोध नवीन वाटणार नाही. फरक एवढाच की साहेबाने वही ठेवली होती. एस्डेलच्या आधी मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने यातलं मेस्मरचं 'चुंबकीय द्रव' वगैरे बाजूला काढून १८४३ च्या पुस्तकात या प्रकाराला झोपेच्या ग्रीक देवावरून 'हिप्नॉटिझम' हे नाव देऊन टाकलं होतं. नंतर त्याचं त्यालाच ते नाव खटकलं, कारण झोप यात नव्हतीच. पण नाव एकदा रेशनकार्डावर चढलं की उतरत नाही.

मग दुखणं जातं कुठे? १९९७ साली माँट्रियलच्या पिएर रेनव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर फार नेटका प्रयोग केला. संमोहित माणसांचा हात ४७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवला. (मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडणाऱ्या सोलापूरकराला यात प्रयोग कुठे आहे हे कळणार नाही. ते असो.) पाणी तेच ठेवून, दुखण्याचा त्रास कमी वाटेल किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या. चटका किती आहे, हे लोक जवळपास पूर्वीइतकंच सांगत. तो किती सोसवत नाही, हे मात्र सूचनेप्रमाणे बदललं. मेंदूच्या चित्रातही स्पर्शाची नोंद घेणारा भाग जवळजवळ तसाच राहिला आणि त्रासाशी संबंधित असलेला पुढचा पट्टा मात्र सूचनेबरोबर वरखाली झाला. म्हणजे बातमी येतच राहते. घरात ती ओरडून वाचली जाते की हळू आवाजात, एवढंच बदलतं.

सगळ्यांना हे सारखं जमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ पासून यासाठी मोजपट्ट्या तयार झाल्या. हात आपोआप खाली येतोय का, बोटं घट्ट अडकतायत का, असं एकेक पाहत गुण द्यायचे. एका मोजपट्टीत कानाशी डास गुणगुणतोय अशी सूचना देतात आणि माणूस तो हाकलतो का ते बघतात. ही परीक्षा सोलापुरात घेता येणार नाही. सगळेच पूर्ण गुणांनी पास होतील, आणि डास खरा होता की सूचनेचा, हे परीक्षकालाही सांगता यायचं नाही.

२०१९ मध्ये ८५ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. ज्यांचं मन सूचनेला चटकन साथ देतं त्यांचं दुखणं सरासरी ४२ टक्क्यांनी आणि मध्यम साथ देणाऱ्यांचं २९ टक्क्यांनी घटलं. हे आकडे प्रयोगशाळेत मुद्दाम दिलेल्या वेदनेचे आहेत, हे विसरू नये. मनगटाचं दुखणं वर्षानुवर्षं मुक्कामाला असतं, त्याला प्रयोगशाळेची वेळ पाळायची सवय नसते. तरी ज्यांना हे अजिबात जमत नाही अशांनीही निराश होण्याचं कारण नाही. असली माणसं बहुधा सहकारी पतसंस्थेत कर्ज मंजूर करायला फार उपयोगी पडतात.

खरी अडचण मजकुराची आहे. संमोहनाचे तयार मजकूर परदेशात लिहिलेले. "तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात, थंडगार लाट येते आहे." सोलापूरकराला लाट म्हटलं की उन्हाची आठवते. "दूरवर धबधब्याचा आवाज ऐकू येतो आहे" असं म्हणायची तर सोयच नाही. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून पेशंट तंद्रीतून ताडकन उठेल, घागर घेईल आणि घराकडे पळेल. हाताला बधिरता आणण्यासाठी 'बर्फाचा हातमोजा' घातल्याची कल्पना करायला सांगतात. मोजा चढला, हात गार पडला, आता तोच हात दुखऱ्या जागी ठेवा, अशी ती युक्ती. ती चांगली आहे, पण मोजा काढून टाकावा आणि हात गड्ड्याच्या जत्रेतल्या रात्रीच्या थंडीत ठेवावा. नाहीतर रसवंतीच्या बर्फाच्या लादीवर. काम लगेच होईल.

यात उस्ताद होता अमेरिकेचा मिल्टन एरिक्सन. पोलिओने अपंग झालेला आणि स्वतः वेदनेसोबत जगलेला डॉक्टर. १९६६ साली त्याने लिहिलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. जो नावाच्या फुलवाल्याला चेहऱ्याचा कर्करोग झाला होता, गोळ्या-इंजेक्शनांनी भागत नव्हतं आणि संमोहन हा शब्दही त्याला खपत नव्हता. एरिक्सन त्याच्याशी टोमॅटोच्या रोपाबद्दल बोलत बसला. बी पेरतात, त्याला ऊब मिळते, पाऊस पडतो, रोप निवांत वाढतं. बोलता बोलता 'निवांत', 'आराम', 'शांत' हे शब्द तो अलगद दाबून उच्चारत होता. फुलवाल्याला उतार पडला.

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला टोमॅटो नको, ज्वारी हवी. काळी भुई, परतीच्या पावसाची ओल, मग पाऊस नाही काही नाही, नुसत्या त्या ओलीवर आणि दवावर वाढणारी मालदांडी. कणसात दाणा भरतोय, सावकाश, कुणाची घाई नाही. हुरड्यापर्यंत मजकूर आला की पेशंटचे खांदे सैल पडलेच पाहिजेत. न पडले तर तो बागायतदार असावा, त्याला उसावर न्यावं.

पण कुठल्या भाषेत? सोलापूर सकाळी मराठीत भाजी घेतं, दुपारी तेलुगूत हिशेब करतं, संध्याकाळी कानडीत भांडतं आणि मधल्या वेळेत दखनीत रिक्षा ठरवतं. दुखलं की कुणी 'आई गं' म्हणतो, कुणी 'अम्मा', कुणी 'अव्वा'. वेदनेची मातृभाषा ओळखल्याशिवाय तिची समजूत घालणं कठीण. एस्डेलला ही अडचण आली नाही, कारण त्याचा सगळा भर बोलण्यापेक्षा हातांवर होता.

एक गोष्ट मात्र थट्टेत टाकण्यासारखी नाही. यंत्रमागाला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की काटा माग थांबवतो. काटा बांधून ठेवला तर खडखडाट चालू राहतो, कापडाचं मात्र भगदाड होतं. दुखणं हा तसाच काटा आहे. संमोहनाने बोगदा रुंद होत नाही आणि चेंगरलेली नस मोकळी होत नाही. बोटं बधिर राहायला लागली, अंगठ्याखालचा उंचवटा बसत चालला, हातातून कप निसटायला लागला, तर आधी 'सिव्हिल'ची पायरी चढावी. मधुमेह आणि थायरॉइडमुळेही हा बोगदा आवळला जातो, तेही तपासून घ्यावं. संमोहन त्याच्या जोडीला, आणि तेही अधिकृत नोंदणी असलेल्या मानसतज्ज्ञाकडून. 'एका बैठकीत खात्रीशीर' अशी पाटी दिसली तर आपला रस्ता धरावा. असल्या पाट्यांसाठी आपल्याकडे १९५४ सालापासून कायदा आहे आणि पाट्याही तेव्हापासून आहेतच.

तर समजा, कुंभारीच्या एखाद्या बाईने मनावर घेतलं आणि अशा तज्ज्ञाच्या खोलीत येऊन बसली. पडदे ओढले, पंखा हळू केला. तज्ज्ञ मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, डोळे मिटा. आता दहापासून एकपर्यंत उलटं मोजा." मावशींनी जन्मात कधी उलटं मोजलेलं नाही, विडीची मोजणी वरच जाते. त्यांनी आपल्या पद्धतीने सुरू केलं, "ओकटि, रेंडु, मूडु..." दहा आले, गेले. तज्ज्ञांनी एकदा खाकरून पाहिलं, मग शहाणपणाने सोडून दिलं. आवाज खाली उतरत गेला. खांदे उतरले. पंचवीसवर मावशी थांबल्या, कारण पंचविसांचा कट्टा होतो, आणि मिटल्या डोळ्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने हवेत दोऱ्याचे दोन वेढे सफाईने दिले.

"दुखतंय का आता, मावशी?"

"हाय की, तिथंच हाय. पण लांब गेलंय."

"किती लांब?"

मावशींनी विचार केला. "आमच्या घरापास्नं अशोक चौकाएवढं."

तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढची भेट पुढच्या मंगळवारी ठरवू या म्हणाले. मावशींनी डोळे उघडले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचला. विड्या जमा करायला जेमतेम तास उरला होता आणि हजारातल्या दोनशे अजून वळायच्या राहिल्या होत्या.